हॅलोवीन : एका सणाची जडणघडण

दरवर्षी २ नोव्हेंबरला चेन्नईतील अनेक ख्रिस्ती कुटुंबे आपल्या दिवंगत आप्तांच्या कबरींपाशी जमतात. सान थोमे परिसराजवळील क्विबल आयलंड, तसेच किलपॉक व कासिमेडू येथील दफनभूमींत त्या दिवशी गर्दी असते. कबरी स्वच्छ केल्या जातात, त्यांवर फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात आणि धर्मगुरू प्रार्थना म्हणतात. तमिळ भाषेत या दिवसाला ‘कल्लरै तिरुनाळ’ म्हणतात. ‘कल्’ म्हणजे दगड आणि ‘अरै’ म्हणजे खोली. म्हणून ‘कल्लरै’ म्हणजे कबर. ‘तिरुनाळ’ म्हणजे पवित्र दिवस.

त्याआधी दोनच दिवस, ३१ ऑक्टोबरच्या रात्री, याच शहरातील काही हॉटेलांत आणि मॉलमध्ये भुताखेतांचे मुखवटे घालून ‘हॅलोवीन’ साजरा होतो. एक दिवस शांततेचा, तर दुसरा गोंगाटाचा. वरवर पाहता या दोहोंत काही नाते असेल असे वाटत नाही. वस्तुतः ते एकाच कुळातील आहेत.

हे नाते हॅलोवीन या नावातच दडलेले आहे. जुन्या इंग्रजीत ‘हॅलो’ म्हणजे संत. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा सण. त्या सणाची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोवीन. रोममध्ये आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी सर्व संतांच्या स्मरणार्थ एक प्रार्थनागृह अर्पण केले. नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा दिवस पश्चिम युरोपात रूढ झाला. पुढे फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी दुसऱ्या दिवशी, म्हणजे २ नोव्हेंबरला, सर्व मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा घालून दिली. चेन्नईचा कल्लरै तिरुनाळ हा त्याच प्रथेचा वारसा होय.

मात्र या काळाला त्याहून जुना असा आणखी एक संदर्भ आहे. आयर्लंड व स्कॉटलंडमधील केल्टिक लोक याच सुमारास ‘साविन’ नावाचा सण पाळीत. उन्हाळा संपून हिवाळा सुरू होई, गुरे कुरणांतून परत आणली जात. या संधिकाळात अदृश्य जगाची दारे उघडतात, अशी समजूत होती.

यावरून चर्चने जुना सण पुसण्यासाठीच ही तारीख निवडली, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु हे विधान जपून करावे लागते. नवव्या शतकाच्या आरंभी खुद्द आयर्लंडमध्ये सर्व संतांचे स्मरण २० एप्रिलला होत असल्याची नोंद आहे. शिवाय साविनविषयीचे जुने लेखन ख्रिस्ती मठांतच झालेले आहे. म्हणून हॅलोवीनला निव्वळ ख्रिस्ती किंवा निव्वळ ख्रिस्तपूर्व म्हणण्यापेक्षा, दोन प्रवाह एकत्र येऊन तो घडला असे म्हणणे अधिक योग्य ठरते.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब घरोघरी जात, त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत आणि मोबदल्यात लहान केक मिळवीत. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर तेथे मृतांसाठीची ही प्रार्थना नाकारली गेली. प्रार्थना मागे पडली, पण दारोदार फिरण्याची चाल काही भागांत टिकली. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले. तेथे सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. विसाव्या शतकात मुलांनी दारोदार खाऊ मागण्याचा खेळ तेथे लोकप्रिय झाला आणि व्यापाराने त्याला जगभर पोहोचवले. अशा रीतीने विधी लोपला आणि खेळ उरला.

मृतांच्या स्मरणाची गरज मात्र कोणत्याही एका धर्माची नाही. सान थोमेला लागूनच मैलापूर आहे. तेथील कपालीश्वर मंदिराच्या तलावाकाठी महालय अमावास्येला लोक तीळ व पाणी अर्पून पितरांचे तर्पण करतात. हीच महाराष्ट्रातील सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी आपल्याकडे पितरांसाठी वाढलेले पान बाहेर ठेवून कावळ्याची वाट पाहिली जाते. यांपैकी एक प्रथा दुसरीतून निघाली, असे नव्हे. गेलेल्या माणसाशी असलेले नाते मृत्यूने संपत नाही, ही जाणीव त्यांना जोडते.

सण प्रवास करतात, वेष बदलतात, कधी आपला मूळ हेतूही विसरतात. कोरलेल्या भोपळ्यातला दिवा आज गंमत म्हणून लावला जातो. कबरीवरची मेणबत्ती मात्र आजही कोणाचे तरी नाव घेऊन लावली जाते. सणाचा इतिहास समजून घेतला, म्हणजे दोन्ही दिव्यांचा अर्थ उलगडतो.