माशीचे केस आणि बिनतारी जाळे

शेतात शेकडो छोटे बिनतारी संवेदक विखुरलेले आहेत, असे समजा. बॅटरी इवलीशी, आवाज जेमतेम शेजाऱ्यापर्यंत पोचणारा. त्यांच्यातूनच काही म्होरके निवडायचे आहेत. दोन म्होरके शेजारी-शेजारी नकोत, पण उरलेल्या प्रत्येकाच्या शेजारी एक तरी म्होरका हवाच. आणि वरून हुकूम देणारे कोणी नाही!

१९८६ मध्ये मायकेल लुबी यांनी यावर सुरेख रीत मांडली. तिच्या एका रूपात मात्र आपले किती शेजारी अजून रिंगणात आहेत, हे प्रत्येकाला ठाऊक असावे लागते. बिनतारी गोंगाटात ही मोजदादच महाग पडते.

नवी वाट दाखवली ती पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाशीने. मला याचे अजूनही नवल वाटते. तिच्या अंगावरचे स्पर्श जाणणारे राठ केस अंतर राखून उगवतात. केसाची जननी होऊ लागलेली पेशी डेल्टा नावाच्या प्रथिनाने शेजारणींना थोपवते. त्यांच्यावरचे नॉच हे ग्राही प्रथिन तो निरोप टिपते. शेजारणी किती, हे कोणतीच पेशी मोजत नाही.

यहुदा आफेक, नोगा अलोन, झिव बार-जोसेफ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये हीच युक्ती संगणकांसाठी मांडली. सुरुवातीला प्रत्येक यंत्र क्वचितच इशारा देते. मग ही शक्यता टप्प्याटप्प्याने वाढते. इशारा दिला आणि शेजारून एकही ऐकू आला नाही, तर ते यंत्र म्होरका ठरते. शेजारी बाजूला होतात. एकूण यंत्रांचा ढोबळ अंदाज आणि एका बिटचा निरोप, एवढ्यावर भागते. निरोप जितका लहान, तितकी बॅटरी जास्त टिकते.