हजार विटांचा हिशेब

मोहने गावाच्या पुढे उल्हास नदीच्या अंगाला लागलेल्या वीटभट्टीकडे मी वळलो तो मुकादमाच्या तोंडून सहज निघालेल्या एका तक्रारीमुळे. "ही बाई कामाला संथ आहे, साहेब, पण हजार तिचेच आधी भरतात," असे तो काहीशा नाराजीने म्हणाला होता, आणि ज्या मनुष्याचा सारा व्यवहार हजारावर चालतो त्याला आधी भरलेल्या हजाराचा आनंद वाटू नये, ही गोष्ट मला चमत्कारिक वाटली.

२००९ साली बंद पडलेल्या एन. आर. सी. कारखान्याच्या या गावात पाळीचे भोंगे इतिहासजमा झाले असले, तरी भट्टीवरचा दिवस पहाटे दोनलाच उजाडतो. दिवाळीनंतर कातकरी जोडपी मुलाबाळांसह येथे उतरतात. त्यांनी पावसाळ्यातल्या अडीनडीला घेतलेला बयाणा त्यांच्याआधीच मालकाच्या दप्तरी येऊन बसलेला असतो. माती, राख आणि भाताचा तूस भिजवून गारा मुरवायचा, तुडवायचा, साच्यात थापायचा, वाळवायचा आणि भट्टी रचून पेटवायची, एवढाच कामाचा क्रम. ओल्या तुसाचा आंबूस दर्प मात्र कपड्यांतून लवकर जात नाही.

त्या बाईच्या शेजारच्या ओळीत एक तरणा गडी अक्षरशः घाम गाळीत होता. तो ओंजळ भरभरून गारा साच्यात आपटी, वर आलेला जास्तीचा गारा खरवडून मागे भिरकावी, साचा रिता करी आणि राखेसाठी उठून चार पावले जाई. बाई उकिडवी बसली होती ती उठतच नव्हती. नवऱ्याने गाऱ्याचे लहान लहान ढीग ओळीच्या कडेने आधीच टाकून ठेवले होते, राखेची पाटी तिच्या उजव्या हाताशी सरकत होती, आणि तिच्या बोटांनी तोडलेला गोळा साच्यात असा नेमका बसे, की वरून तळवा फिरवण्यापलीकडे काही उरत नसे. "जास्ती घेतला तर काढायला दुसऱ्यांदा हात लागतो, दादा, आन् उठलं की कंबर मोजते," ती म्हणाली.

अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाच्या, गवंडीकामापासून सुरुवात केलेल्या कंत्राटदाराने याच न्यायाने वीट रचण्यातल्या १८ हालचाली ५ वर आणल्या. विटा गवंड्याच्या हाताच्या उंचीवर राहाव्यात म्हणून सरकती परांची केली, आणि ताशी १२० च्या जागी ३५० विटा रचल्या जाऊ लागल्या, असे फ्रेडरिक टेलरने १९११ सालच्या आपल्या ग्रंथात मोठ्या अभिमानाने नमूद केले आहे. दोन-सव्वादोन किलोंची वीट उचलण्यासाठी गवंडी दर वेळी आपले सारे शरीरही खाली-वर करतो, हा त्यातला मर्माचा मुद्दा. तो या बाईला ग्रंथावाचून उमगला होता.

परंतु वाचलेल्या श्रमाचा धनी कोण, या प्रश्नाशी टेलरसाहेब आणि आमचा मुकादम एका बाजूला बसतात व बाई दुसऱ्या. दहाच्या सुमारास जोडीचे हजार भरले की ती साचा धुऊन उपडा घालते आणि लेकराला न्हाऊ घालायला निघून जाते. मुकादमाच्या मते त्याच वेळात आणखी दोनशे सहज होतील. धावपळ करणारा तो गडी दुपारपर्यंत हजाराशी झुंजत राहतो, म्हणून तो मेहनती. आणि ही हजार भरून सावलीत बसते, म्हणून संथ! हजेरीपत्रकात या विशेषणांसाठी रकाना नसतो हे एका परीने बरेच आहे.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. तथापि बयाणा फिटला की नाही हे अजून एका वहीवर ठरते. आठवड्याच्या बाजाराला जोडीला खर्ची मिळते, बाकीचा फैसला पावसाच्या तोंडाला, आणि वही सर्वकाळ मुकादमाच्या बगलेत. बाईने मात्र झोपडीच्या कुडावर कोळशाने रेघा ओढून ठेवल्या आहेत, प्रत्येक हजाराला एक. मी त्या मोजू लागलो हे पाहून तिने आतूनच सांगितले, "वहीपरीस तीन जास्ती हायेत. म्या इचारलंय त्याला."