रुग्णालय गाठण्यापूर्वी

सोलापूर–पुणे रस्त्यावर मोहोळजवळ एक मोटारसायकल घसरली, असे समजा. तरुणाच्या मांडीतून रक्ताची धार लागली आहे. सोलापूरचे मोठे रुग्णालय तेथून तीसेक किलोमीटर दूर! प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले दोन लिटर गेले तर प्राण धोक्यात येतात. मग रुग्णालयात निष्णात शल्यचिकित्सक वाट पाहत असूनही काय उपयोग? वाटेतला वेळ कोणीतरी सांभाळला पाहिजे. तो सांभाळणारा म्हणजे पॅरामेडिक.

तो प्रथम जखमेवर घट्ट दाब देऊन रक्त थांबवतो. मग श्वास, नाडी व रक्तदाब पाहतो, गरजेप्रमाणे प्राणवायू देतो आणि मान हलू न देता रुग्णाला गाडीत घेतो. हृदय बंद पडले असेल तर तो छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाब देतो. असे का? मेंदूला प्राणवायू साठवता येत नाही. रक्तप्रवाह थांबला की चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. त्या दाबाने थोडे तरी रक्त मेंदूकडे जात राहते.

उपचार जखमीपर्यंत न्यावेत, ही कल्पना रणांगणावर वाढली. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. तेथे युद्धभूमीच्या जवळ राहून त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. तिच्या गाड्यांत डॉक्टरही नेमले गेले. पण रुग्णालयांचे आपत्कालीन विभाग आणि इतर रुग्णवाहिका यांनाही प्रशिक्षित माणसे लागतात.

या वाटेने जायचे तर बारावीला विज्ञान शाखा व जीवशास्त्र घ्यावे. पुढे आपत्कालीन वैद्यकीय सेवेची पदविका किंवा पदवी घेता येते. २०२१ साली केंद्राने केलेल्या कायद्याने या व्यवसायाला रीतसर मान्यता दिली आहे. मात्र रात्रपाळी, रक्त आणि नातेवाइकांचा आक्रोश यांत डोके शांत ठेवणे पुस्तकातून येत नाही. ते सरावानेच येते.

सुरुवात आजच करा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा आणि मिनिटभर नाडी मोजा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी ६० ते १०० असते. घरातील प्रत्येकाची मोजून वहीत लिहा.