न फिरलेले आकाशपाळणे

जत्रेतला पाळणा आपल्या ओळखीचा. ट्रकातून लोखंड येते, चार माणसे सांगाडा जुळवतात आणि तिकिटे फाटू लागतात. शहरी पाळण्याचा हिशेब वेगळा. वांद्रे रेक्लमेशनवर ‘मुंबई आय’ उभारण्याची घोषणा २०२० साली झाली. पाळणा कागदावरच राहिला. नमुना लंडनचा, १३५ मीटर उंचीचा. तो लोणारच्या तळ्याकाठी उभा केला, तर माथा विवराच्या कडेशी जेमतेम टेकेल!

हे पाळणे अडतात का? रस्ता तुकड्यातुकड्याने खुला करता येतो. पाऊण चाक फिरत नाही. शेवटचा आरा ताणून बसेपर्यंत पैसा परत येत नाही, व्याज मात्र रोज चढते. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर १९२ मीटरचा पाळणा ठरला होता. पाया झाला, अजस्र पाय समुद्रमार्गे आले. मग मालक-ठेकेदारांचे वाजले. २०१७ साली काम थांबले, २०१८ साली योजनाच सोडली.

भांडवलवाल्याचे नुकसान कोर्टात मोजले जाते. पण आशेने गाव सोडून आलेल्या जोडाऱ्याचे, वेल्डरचे काय? आपल्याकडे छाटणीची भरपाई मागायची तर वर्षभराची सलग नोकरी दाखवावी लागते. चार महिन्यांत मेलेल्या कामावर ती दाखवणार कशी? (पुढारी नारळ फोडतात, तेव्हा हे कोणी विचारत नाही.) काम अर्ध्यावर सोडल्यास हजेरीपटावरील प्रत्येकाला किती मजुरी द्यायची, हे कलम ठेक्यातच हवे, आणि त्याची रक्कम आधी बँकेत भरलेली हवी.