बोल्टाची कुळकथा

रायपूरच्या उत्तरेचा उरला-सिलतरा पट्टा लोखंडाचा. स्पंज आयर्न, इंडक्शन फर्नेस, रोलिंग मिल. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक घाण्याला इथे हीट नंबर पडतो, वितळलेल्या धातूचा नमुना स्पेक्ट्रोवर, म्हणजे घटक मोजणाऱ्या यंत्रावर, जातो आणि मालाबरोबर टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, रवाना होतं. उपग्रहासाठी सुटे भाग मिळवणाऱ्या माणसाचं निम्मं काम हीट नंबर आणि टीसी या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

समजा, उपग्रहाच्या सांगाड्यासाठी ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट हवा आहे. ड्रॉइंगवरची मापं चांगलं सीएनसी शॉप काढून देईल. खऱ्या अटी बाजूच्या टिपांमध्ये असतात. धातू ६०६१, टेंपर टी६, कोणत्या मिलचा आणि कोणत्या लॉटचा ते लिहून द्या. जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा चालणार नाही. गंज टाळायचा म्हटलं की आपल्याला आधी गॅल्व्हनायझिंग आठवतं. पण निर्वातात, त्यातही उन्हाने तापल्यावर, या दोन्ही धातूंची हळूहळू वाफ होते आणि ती शेजारच्या थंड भागावर, अगदी कॅमेऱ्याच्या भिंगावरही, जाऊन बसू शकते. शुद्ध कथिलाला तर केसासारखे तंतू फुटतात आणि सर्किट शॉर्ट होतं. मे १९९८ मध्ये गॅलेक्सी-४ उपग्रह निकामी झाला आणि अमेरिकेतले बहुतेक पेजर बंद पडले, त्यामागे हेच तंतू असल्याचं मानतात. गोंद, रंग, प्लास्टिक यांचीही परीक्षा होते. निर्वातात १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवायचं. वजन १ टक्क्याहून जास्त घटता कामा नये, आणि थंड पट्टीवर जमलेला अंश ०.१ टक्क्याच्या आत हवा.

दर मागवण्याआधी वेंडरकडे स्वतः जावं लागतं. मशीन किती नवं, हे तिथे दुय्यम. मी आधी स्टोअर बघेन. बारच्या एका टोकाला नंबर ठोकलेला असतो. तेच टोक आधी कापलं तर उरलेला बार निनावी होतो. चांगला स्टोअरकीपर कापण्याआधी नंबर दुसऱ्या टोकावर उतरवून घेतो. नाकारलेले नग कुलपात आहेत की चांगल्या मालाशेजारी पडलेत, तेही तिथेच कळतं. मग पहिला नग सगळ्या मापांनिशी तपासून मंजूर होतो. त्यानंतर मशीन, प्लेटिंगवाला किंवा कच्च्या मालाचा व्यापारी परस्पर बदलायचा नाही. मापात चूक निघाली तर ती लपवायची नाही, लिहून कळवायची. नग वापरायचा की फेकायचा, हे डिझाइन आणि क्वालिटीची माणसं ठरवतात.

एवढा कागदोपत्री हट्ट कशासाठी, हे नासाला फार महागात कळलं. २००९ मध्ये ओसीओ आणि २०११ मध्ये ग्लोरी हे उपग्रह टॉरस एक्सएल रॉकेटने सोडले. दोन्ही वेळा उपग्रहावरचं कवच सुटलंच नाही आणि दोन्ही उपग्रह गेले. नुकसान ७० कोटी डॉलरहून अधिक. नासाच्या तपासात बोट गेलं ते ठरलेल्या क्षणी तुटणाऱ्या सांध्यांच्या ॲल्युमिनियमकडे. ते पुरवणाऱ्या सापा प्रोफाइल्समध्ये १९९६ ते २०१५ या काळात ताणचाचणीचे हजारो आकडे बदलले गेले होते. कागद पूर्ण होता, धातू तसा नव्हता. म्हणून महत्त्वाच्या लॉटमधला एखादा तुकडा घेणाऱ्याने स्वतंत्र प्रयोगशाळेत ताणून बघायचा, वेंडर कितीही जुना असो.

दुसरी काळजी एकाच दुकानावर अवलंबून राहण्याची. भारताच्या नाविक या दिशादर्शन प्रणालीच्या पहिल्या पिढीतल्या उपग्रहांची रुबिडियम अणुघड्याळं स्वित्झर्लंडहून आली होती. त्यातल्या आयआरएनएसएस-१ए वरची तिन्ही बंद पडली. त्याच पुरवठादाराची घड्याळं युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांवरही बिघडली. २९ मे २०२३ ला गेलेल्या नाविकच्याच एनव्हीएस-०१ या उपग्रहावर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने घडवलेलं घड्याळ होतं. दुसरा पुरवठादार उभा करायला वर्षं लागतात. ते काम पहिला बिघडायच्या आधी सुरू करावं लागतं. महाराष्ट्रात वालचंदनगरला रॉकेटच्या मोटरांची आवरणं आणि विक्रोळीला गोदरेजकडे विकास इंजिनं बनतात, त्यामागेही इस्रोबरोबर केलेलं अनेक दशकांचं काम आहे.

उरल्यातल्या फॅब्रिकेशन शॉपला यात शिरायचं असेल, तर उड्डाणाच्या भागांपासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. उपग्रह जोडताना त्याला धरणारे स्टँड, आडवा-उभा करणाऱ्या ट्रॉली, उचलायचे बीम, वाहतुकीचे कंटेनर ही सगळी जमिनीवरची सामग्री. वेल्डिंग आपल्या हातचं आहे. पण वेल्डरचा पात्रता दाखला, जोडांतल्या भेगा शोधणारी डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट, नेमून दिलेल्या वजनाहून जास्त भार टांगून घेतलेली चाचणी आणि क्लीन रूममध्ये पोपडे न सोडणारा रंग, हे सगळं फाइलला लावून द्यावं लागतं. इस्रोच्या केंद्रांच्या निविदा त्यांच्या ई-प्रोक्युरमेंट संकेतस्थळावर निघतात. दर भरण्याआधी त्यातल्या तपासणीच्या अटी ओळ न् ओळ वाचाव्यात, कारण खर्चाचा मोठा वाटा तिथेच असतो.