बॅज तोच, वजन सव्वादोन टन

दहा मीटर खोल विहीर डोळ्यांसमोर आणा. काठावर रहाट, दोराला दहा लिटरची बादली. अशा ८७३ बादल्या भरून वर ओढायच्या आहेत. गडी कितीही तगडा असो, दिवस मोडणार. आता पोर्शे कंपनीची कायेन टर्बो जीटी बघा. २,२२० किलो वजनाची ही एसयूव्ही उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते, तेव्हा तिच्या अंगात नेमकी त्या ८७३ बादल्यांइतकी ऊर्जा भरलेली असते. आणि त्यासाठी तिला लागतात ३.३ सेकंद. सेकंदाला २६४ बादल्या! तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत विहिरीचं काम आटोपलं.

थांबू नका. हीच गाडी ताशी ३०० पर्यंत जाते. वेग तिप्पट झाला की ऊर्जा नऊपट होते, हे शाळेतलं सूत्र आहे, ते आपण मुकाट्यानं मान्य करू. नऊपट म्हणजे सुमारे ७८ हजार लिटर पाणी. दहा हजारी टँकर जवळजवळ आठ! एवढं सगळं एका गाडीच्या धावेत, आणि आत पोरं मागच्या सीटवर निवांत बसलेली.

आता तिला रेसच्या मैदानात सोडू. जर्मनीत न्यूरबर्गरिंग नावाचा डोंगरातला ट्रॅक आहे. त्याची उत्तरेकडची फेरी २०.८३२ किलोमीटरची. जगातल्या बऱ्याच कंपन्या आपली गाडी तिथं नेऊन घड्याळ लावतात. २०२१ मध्ये कायेन टर्बो जीटीनं ही फेरी ७ मिनिटं ३८.९ सेकंदांत पुरी केली. सरासरी वेग ताशी १६३ किलोमीटर! या सरासरीनं मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे ९४.५ किलोमीटर ३५ मिनिटांच्या आत संपतील. आपल्याकडे तिथं कायद्यानं १००ची मर्यादा आहे आणि ती तशीच राहावी, पण आकडा मनात तर घोळवू या.

खरी गंमत पुढे आहे. १९९९ मध्ये याच ट्रॅकवर वॉल्टर र्‍योर्ल या नामवंत चालकानं पोर्शेची ९११ जीटी३ फिरवली होती. १,३५० किलोची ती सडपातळ स्पोर्ट्‌स कार. वेळ नोंदली गेली ७ मिनिटं ५६ सेकंद, आणि आठ मिनिटांच्या आत आलेली रस्त्यावरची गाडी म्हणून तिचं सगळीकडे नाव झालं. आता वजन मांडा. कायेन तिच्यापेक्षा ८७० किलोंनी जड, म्हणजे अंगावर एक आख्खी मारुती ८०० आणि वर दोन-तीन माणसं घेऊन धावल्यासारखी. तरी १७ सेकंदांनी पुढे! त्या सरासरी वेगानं १७ सेकंदांत पाऊण किलोमीटर अंतर पडतं. दोघींच्या मध्ये चोवीस डब्यांची राजधानी उभी केली तरी जागा उरेल.

हे ऐकून गाडीवेड्यांनी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

त्यांचं म्हणणं समजून घ्यायला हवं, कारण ते प्रेमातून आलेलं आहे. स्पोर्ट्‌स कार म्हणजे बुटकी, हलकी, मोजक्या माणसांची गाडी. तिच्या बॅजमध्ये रेसचा घाम असतो, कारखान्यातल्या हातांची सही असते. तोच बॅज उंच, जड, पाच माणसांच्या आणि चार बॅगांच्या गाडीवर चिकटवला की त्यात पाणी पडतं, असं हे लोक म्हणतात. पहिली कायेन २००२ मध्ये पॅरिसच्या मोटर शोमध्ये आली. तिचा सांगाडा फोक्सवागनच्या तुआरेगशी वाटून घेतलेला. डावीकडे किल्ली लावायची पोर्शेची जुनी रीत तिनं पाळली होती. इंजिन ४.५ लिटरचं, टर्बो मॉडेलला ४५० हॉर्सपॉवर. पण वजन होतं २,३५५ किलो, आणि जुने भक्त म्हणाले, ही पोर्शे नव्हेच.

आकार लहान केल्यानं वाद मिटला असता असं कुणाला वाटेल. उलट तो पेटला. मर्सिडीजच्या एएमजी विभागाची जीएलए ४५ एस घ्या. ही छोटी एसयूव्ही, आपल्या गल्लीत सहज वळेल अशी. इंजिन फक्त दोन लिटरचं. पाण्याच्या दोन बाटल्यांत मावेल एवढ्या जागेतून काढलेली शक्ती ४२१ हॉर्सपॉवर! आपल्या मारुती ८००चं इंजिन ३७च्या आसपास देत असे. अकरा मारुती एकापुढे एक जुंपा, तेव्हा या एका छोटीची जवळजवळ बरोबरी होते. लिटरमागे मोजलं तर मारुतीचे ४६ आणि हिचे २११. बॉनेट उघडलं की इंजिनावर छोटी पट्टी दिसते आणि तिच्यावर सही. हे इंजिन जर्मनीतल्या अफाल्टरबाखमध्ये एकाच कारागिरानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडलेलं असतं, आणि सही त्याची.

दर्दी माणूस आधी ती पट्टी शोधतो. आणि इथंच त्याचं दुखणं आहे. एएमजीचा बॅज आता अशाही गाड्यांवर आहे, ज्यांच्या इंजिनावर पट्टीच नाही. त्यातलं एक नाव आपल्या घराजवळचं आहे. पुण्याच्या चाकणमध्ये जुळणी होऊन निघालेली पहिली एएमजी होती २०२०ची जीएलसी ४३ कूपे. पुढच्या वर्षी तिथूनच छोटी जीएलए ३५ आली. तीनशेच्या वर हॉर्सपॉवर, दणदणीत गाडी, चाकणची म्हणून मला तिचं कौतुक आहेच. पण इंजिनावर सही नाही. भक्त विचारतात, मग बॅज कशाला? मला त्यांचा हा प्रश्न रास्त वाटतो. ताकद कमी पडली म्हणून हा राग आलेला नाही. कुणा एका माणसानं आपलं नाव पणाला लावलं होतं, ते नाव गेलं, म्हणून तो आलेला आहे.

आणि बीएमडब्ल्यू? तिच्या एम विभागानं बनवलेली पहिली रस्त्यावरची गाडी म्हणजे एम १. १९७८ ते १९८१ या काळात ती बनली. एकूण किती? साधारण साडेचारशे! आता २०२३चा आकडा ऐका. एमचा बॅज लावलेल्या गाड्या, त्यात पूर्ण एम आणि त्यांच्या खालच्या एम परफॉर्मन्स दोन्ही, एका वर्षात दोन लाखांहून अधिक विकल्या गेल्या. दिवसाला साडेपाचशे. एम १च्या उभ्या जन्मात जितक्या गाड्या बनल्या, त्याहून जास्त आता एका दिवसात, सोमवारपासून सोमवारपर्यंत, रोज!

लॅम्बोर्गिनीकडे वळू. या कंपनीनं १९८६ ते १९९३ या काळात एलएम००२ नावाची राक्षसी जीप बनवली होती, तीनशेच्या आसपास. मग २०१७च्या डिसेंबरात आली उरुस. ६५० हॉर्सपॉवर, ताशी ३०५ किलोमीटर. पुढच्या ब्रेकची चकती ४४ सेंटिमीटर व्यासाची, कणीक मळायच्या परातीएवढी! दहा उरुस एकत्र केल्या की साडेसहा हजार हॉर्सपॉवर होतात, आणि रेल्वेचं डब्ल्यूएपी-७ इंजिन देतं ६,३५०. ते इंजिन १२३ टनांचं, चोवीस डब्यांची गाडी ओढणारं. या दहा गाड्या मिळून बावीस टनांच्या. २०२३ मध्ये ६,०८७ उरुस विकल्या गेल्या. एलएम००२ला जे सात वर्षांत जमलं, ते उरुस अठरा-वीस दिवसांत करते.

भारतात ती २०१८च्या जानेवारीत आली तेव्हा किंमत होती तीन कोटी रुपये. सेकंदाला एक याप्रमाणे रुपये मोजायला बसलात, जेवण नाही, झोप नाही, तर मोजणी संपायला ३४७ दिवस लागतील. २२ मिलिमीटर व्यासाची रुपयाची नाणी रस्त्यावर एकाला एक चिकटवून मांडली तर ओळ होईल ६६० किलोमीटरची. मुंबई-पुणे दोनदा जाऊन-येऊन, वर साठ किलोमीटर शिल्लक. सगळं एका गाडीसाठी!

फेरारीचे तेव्हाचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं की फेरारीची एसयूव्ही निघण्याआधी मला गोळी घालावी लागेल. २०२२ मध्ये पुरोसांग्वे आली. चार दरवाजे, साडेसहा लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, ७२५ हॉर्सपॉवर. कंपनी तिला एसयूव्ही म्हणत नाही. पण तिनं एक शहाणपण केलं, एकूण उत्पादनात या गाडीचा वाटा सरासरी वीस टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं. पाचातली एक. एवढंच पाणी चालेल, असं मोजून सांगणारी कंपनी विरळा.

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते लोटसचं. हलकेपणा हा या इंग्लिश कंपनीचा धर्म. तिची १९९६ची एलिझ ७२५ किलोंची होती, ११८ हॉर्सपॉवर, आणि वळणावर तिनं भल्याभल्यांना पाणी पाजलं. आजची एलेत्रे ही लोटसची विजेवरची एसयूव्ही. वजन अडीच हजार किलो! एका पारड्यात एलेत्रे ठेवा, दुसऱ्यात तीन एलिझ ठेवा, तरी पारडं एलेत्रेकडेच झुकेल. तिच्या वरच्या मॉडेलला नऊशेच्या वर हॉर्सपॉवर आहेत आणि शंभरचा वेग तीन सेकंदांच्या आत. आकडे अचाट आहेत, मी थक्क होतो. पण लोटसवाल्यांचं दुःख मला शंभर टक्के खरं वाटतं. इथं पाणी पडलेलं नाही, भांडंच बदललं आहे.

मग पोर्शेवाल्यांचंही तसंच का म्हणू नये? त्यासाठी त्यांच्या वहीची जुनी पानं उलटावी लागतात. १९८६ मध्ये पोर्शेनं जगभरात पन्नास हजारांवर गाड्या विकल्या. सात वर्षांत आकडा आला चौदा हजारांवर. अमेरिकेत तर तीस हजारांवरून चार हजारांच्याही खाली. त्या वर्षाचे पोर्शेचे जगभरचे सगळे गिऱ्हाईक चर्चगेटच्या गर्दीच्या वेळच्या तीन-चार लोकलमध्ये मावले असते. वेंडेलिन वीडेकिंग यांनी १९९३ मध्ये सूत्रं हातात घेतली तेव्हा कंपनी विकली जाते की काय, अशी वेळ होती. १९९६च्या बॉक्सस्टरनं तिला उभं केलं आणि कायेननं तिला पळवलं.

कसं पळवलं? ९११चं उत्पादन १९६४ मध्ये सुरू झालं आणि दहा लाखावी ९११ निघाली २०१७च्या मे महिन्यात. त्रेपन्न वर्षं. कायेननं दहा लाखांचा टप्पा गाठला २०२०च्या डिसेंबरात. अठरा वर्षं! या दहा लाख गाड्या बंपरला बंपर लावून उभ्या केल्या तर रांग सुमारे ४,८०० किलोमीटर होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सहाच्या सहा लेन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खचाखच भरा. रिकाम्या करा, पुन्हा भरा. असं आठ वेळा केलं तरी गाड्या संपत नाहीत. सरासरी तीनशे हॉर्सपॉवर धरली तर या रांगेची ताकद होते ३० कोटी हॉर्सपॉवर, विजेच्या भाषेत २ लाख २० हजार मेगावॅट. आपला कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा. म्हणजे ११२ कोयना एका रांगेत! २०२४च्या मे महिन्यात सगळ्या देशाची विजेची विक्रमी मागणी होती सुमारे अडीच लाख मेगावॅट. एका मॉडेलच्या गाड्या त्याच्या अगदी जवळ येऊन ठेपतात.

आणि धाकटी मकान? २०१४ मध्ये विकायला आलेली, कायेनपेक्षा आटोपशीर. २०२३ मध्ये तिच्या ८७,३५५ गाड्या गेल्या, कायेनच्या ८७,५५३. दोन्ही मिळून, रात्र नाही दिवस नाही, दर तीन मिनिटांनी एक! तुम्ही दादरहून स्वारगेटला तीन तासांत पोचलात तर तेवढ्यात साठ गाड्या घरी गेल्या. त्या वर्षी पोर्शेनं एकूण ३,२०,२२१ गाड्या दिल्या आणि त्यांतल्या शंभरात चौपन्नहून जास्त याच दोन एसयूव्ही होत्या. रागावलेल्या भक्ताला हा आकडा पुरावा वाटतो. निम्म्याहून जास्त पाणी!

त्यानं त्याच पानावरची पुढची ओळ वाचावी. २०२३ मध्ये ९११ किती गेल्या? ५०,१४६. ना उंच, ना जड, इंजिन अजून मागेच. १९९३च्या सुमारास पोर्शेच्या सगळ्या मॉडेलच्या मिळून दिवसाला अडतीस गाड्या जात होत्या. २०२३ मध्ये एकट्या ९११च्या दिवसाला १३७ गेल्या.