जलसंजीवनी : मीठ आणि साखर एकत्रच का?

पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज आरपार जातात. सोडियमचे आयन आणि ग्लुकोज यांना मात्र वाहक प्रथिने लागतात. लहान आतड्याच्या अस्तरातील असेच एक प्रथिन सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू एकाच वेळी पेशीत घेते. त्यांच्यामागोमाग परासरणाने पाणी आत शोषले जाते. ही जोडवाहतूक रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली.

पटकीच्या जंतूंचे विष आतड्यातील पेशींमधून क्लोराइड बाहेर सोडायला लावते. त्याबरोबर सोडियम आणि पाणीही वाहून जाते आणि रोगी काही तासांत दगावू शकतो. पण जोडवाहतूक या विषाने बंद पडत नाही, आणि लाखो जीव वाचले ते याच एका गोष्टीमुळे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे द्रावण रोग्यांना तोंडाने पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जलसंजीवनीच्या आजच्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. हे माप पाळावेच लागते : साखर वाढवली की परासरण उलटते, पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब बळावतात.